सागरी जीवाणू आणि मत्स्यरोग : ‘प्रतिजैविक’ ह्या कल्पनेच्या इतिहासातील एक प्रकरण

इ. स. १८८९ ह्या एकाच वर्षी यूरोपात दोन विचार स्वतंत्रपणे मांडले गेले. त्यांपैकी एक केवळ संज्ञेविषयीचा होता, तर दुसरा केवळ प्रयोगाविषयीचा. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पॉल व्युयमाँ ह्याने ‘अँटिबायोसिस’ हा शब्द त्या वर्षी प्रचारात आणला. सहजीवनाला ‘सिंबायोसिस’ हे नाव द बारी ह्या जर्मन पंडिताने १८७९ मध्ये रूढ केले होते. त्याच्या उलट, जेथे एक जीव स्वतः जगण्यासाठी दुसऱ्याचा नाश करतो, त्या संबंधाला व्युयमाँने हे विरोधदर्शक नाव दिले. ही संज्ञा त्याने सूक्ष्मजीवांपुरती मर्यादित ठेवली नव्हती. सिंह व त्याचे भक्ष्य ह्यांचे नातेही तिच्या कक्षेत येत होते. दुसरा विचार इटालियन आरोग्यशास्त्रज्ञ द जाक्सा ह्याचा. पटकी व काळपुळी ह्या रोगांचे जंतू समुद्राच्या पाण्यात किती काळ जगतात, ह्याची त्याने परीक्षा केली. निर्जंतुक केलेल्या समुद्रजलात हे जंतू दीर्घकाळ टिकतात, परंतु ताज्या, जसेच्या तसे आणलेल्या पाण्यात ते लवकर नष्ट होतात, असे त्याला आढळले. तेव्हा मारक गुण मिठाचा नसून पाण्यात आधीच वस्ती करून असलेल्या जीवांचा असावा, असा त्यावरून निष्कर्ष निघत होता. १८८४ च्या पटकीच्या साथीने नेपल्स शहर हादरले होते, हे लक्षात घेतले म्हणजे इटलीत हा प्रश्न निव्वळ ग्रंथातला नव्हता हे कळून येते.

व्युयमाँच्या शब्दाचा व द जाक्साच्या प्रयोगाचा परस्परांशी संबंध जोडण्याचे त्या वेळी कोणाला सुचले नाही. तथापि पुढील सव्वाशे वर्षांत सागरी जीवाणूंपासून मत्स्यरोगांवर औषध शोधण्याचा जो खटाटोप झाला, तो ह्या दोन गोष्टींचे नाते पुन्हा पुन्हा तुटण्याचा व जुळण्याचा इतिहास आहे असे म्हणावयास हरकत नाही. द जाक्साच्या प्रयोगाशी समांतर असा एक प्रयोग हिंदुस्थानातही झाला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. आग्रा येथे काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन ह्याने १८९६ मध्ये गंगा व यमुना ह्यांच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, परंतु पाणी उकळले असता त्याचा हा गुण नाहीसा होतो, असे दाखविले. पुढे १९१७ मध्ये देरेल ह्याने जंतुभक्षक विषाणूंची कल्पना मांडल्यावर अनेकांनी हँकिनच्या निरीक्षणाचा उलगडा त्या दिशेने केला. एकच निरीक्षण आणि त्याचे निरनिराळे कर्ते, हा घोटाळा ह्या विषयात प्रारंभापासून आहे.

मत्स्यरोगांचा इतिहास ह्याहून जुना आहे. आड्रिॲटिक किनाऱ्यावरील खाजणांत वाम माशांवर पडणाऱ्या ‘तांबड्या साथी’ची नोंद इटलीत १७१८ पासून सापडते. १८९३ मध्ये कानेस्त्रीनी ह्याने तिच्या जंतूचे वर्णन केले. बाल्टिक समुद्रातील वामांच्या अशाच रोगाचा जंतू बेर्गमान ह्याने १९०९ मध्ये ‘व्हिब्रिओ अँग्विलारम’ ह्या नावाने नोंदविला. ‘अँग्विला’ म्हणजे वाम. पण हा जंतू वामांपुरता राहिला नाही. साल्मन, ट्राउट, कॉड, टर्बट अशा कितीतरी माशांना तो ग्रासतो, आणि नाव मात्र जुनेच चालत आले आहे. साल्मन व ट्राउट ह्यांच्या अंगावर गळवे उठवून त्यांना मारणारा दुसरा जंतू एमेरिख व वायबेल ह्यांनी १८९४ मध्ये जर्मनीतील ट्राउटच्या बीजकेंद्रात शोधला. त्याचे आजचे नाव ‘एरोमोनास साल्मोनिसिडा’, म्हणजे शब्दशः ‘साल्मनघातक’. ब्रिटनमधील नद्यांत ह्या रोगाने इतका हाहाकार केला, की १९२९ मध्ये त्याच्या चौकशीसाठी स्वतंत्र समिती नेमावी लागली.

सागरी जीवाणूंकडे औषधाच्या दृष्टीने पाहण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेत झाला. तेथील क्लॉड झोबेल ह्याने समुद्राच्या जंतुनाशक गुणाचा विषय १९३६ मध्येच हाती घेतला होता. १९४७ मध्ये रोझेनफेल्ड व झोबेल ह्यांनी सागरी सूक्ष्मजीवांच्या ५८ जाती तपासल्या, आणि त्यांपैकी ९ जाती इतर जंतूंच्या वाढीस विरोध करतात असे दाखविले. मात्र हे ‘इतर जंतू’ समुद्राबाहेरचे होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन ह्यांच्या यशाने भारलेला तो काळ. माणसाच्या रोगावरचे औषध समुद्रात सापडेल काय, एवढाच प्रश्न संशोधकांच्या मनात होता. ज्या समुद्रात हे जीवाणू राहतात, त्याच समुद्रातील माशांचेही रोग असतात, ही गोष्ट कोणाच्या गावी नव्हती.

ह्याच सुमारास व्युयमाँच्या शब्दाचा अर्थही संकोच पावला होता. सेल्मन वाक्समन ह्याने १९४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ‘अँटिबायॉटिक’ हे नाम रूढ केले, ते एका पदार्थाचे नाव म्हणून. सूक्ष्मजीवाने निर्माण केलेला व इतर सूक्ष्मजीवांस अल्प प्रमाणात मारक ठरणारा पदार्थ, अशी त्याची व्याख्या झाली. पूर्वी जे नाते होते, ते आता कुपीत भरता येण्याजोगे द्रव्य झाले. मराठीतील ‘प्रतिजैविक’ हा शब्द ह्याच दुसऱ्या अवस्थेचा अनुवाद होय. त्यातील ‘प्रति’ हा उपसर्ग विरोध सांगतो, परंतु विरोध कोण कोणास करतो हे तो सांगत नाही. त्यामुळे मराठी वाचकाला तो शब्द प्रारंभापासूनच औषधाचे नाव म्हणून भेटला.

माशांना औषधे देण्याची प्रथा ह्याच वातावरणात सुरू झाली. १९४६ मध्ये गटसेल ह्याने अमेरिकेत ट्राउटच्या गळूरोगावर सल्फा औषधांचा यशस्वी उपयोग प्रसिद्ध केला. कॅनडात डफ ह्याने त्यापूर्वीच, १९४२ मध्ये, त्याच रोगावर अन्नातून देण्याची लस करून पाहिली होती. परंतु स्वस्त औषध हाती आल्यावर लसीचा विचार बराच काळ मागे पडला. औषध खाद्यात मिसळावयाचे, हीच पद्धत. तीत मोठा दोष असा, की आजारी मासा अन्न सोडतो. औषध खातात ते धडधाकट मासे, आणि उरलेले खाद्य पिंजऱ्याखालच्या गाळात जाते. १९७० च्या सुमारास जपानमध्ये आओकी, वातानाबे इत्यादी संशोधकांना मत्स्यशेतीतील जंतूंमध्ये औषधप्रतिकार आढळला. तो एका जंतूकडून दुसऱ्याकडे प्लास्मिडांच्या द्वारा संक्रांत होतो, हेही त्यांनी सिद्ध केले. पुढे नॉर्वेत गाळात ऑक्सिटेट्रासायक्लिन दीर्घकाळ टिकून राहते असे आढळले. नॉर्वेतील साल्मनशेतीत १९८७ ह्या एका वर्षात जवळजवळ ५० टन प्रतिजैविके खर्ची पडली, हा आकडा त्या काळाची कल्पना येण्यास पुरेसा आहे.

दरम्यान रसायनशास्त्रज्ञांनी समुद्राकडे पुन्हा लक्ष वळविले होते. १९६६ मध्ये बर्कहोल्डर, फिस्टर व लाइट्स ह्यांनी पोर्तो रिको येथील थॅलासिया नावाच्या सागरी गवताच्या पृष्ठभागावरून एक जीवाणू वेगळा केला व त्यापासून तीव्र जंतुनाशक द्रव्य मिळविले. त्या रेणूत ब्रोमीनचे पाच अणू आहेत. त्याच्या वजनापैकी सुमारे ७२ टक्के भाग एकट्या ब्रोमीनचा भरतो. जमिनीवरील कोणत्याही बुरशीने दिले नसते असे हे द्रव्य होते, आणि समुद्राची रसायनशाळा निराळी आहे ह्याचा तो पहिला ठसठशीत पुरावा ठरला. १९७४ मध्ये अँडरसन, वुल्फ व फॉकनर ह्यांनी अशाच एका सागरी जीवाणूची ब्रोमीनयुक्त द्रव्ये तपासली, तेव्हा ती त्या जीवाणूच्या स्वतःच्याही वाढीस बाधक असल्याचे दिसून आले. औषध म्हणून अशा द्रव्यांचा उपयोग झाला नाही. परंतु बर्कहोल्डरच्या निबंधातील एक तपशील पुढे फार मोलाचा ठरला : जीवाणू मोकळ्या पाण्यात सापडला नव्हता, गवताच्या पात्यावर सापडला होता.

ह्या तपशिलाचे महत्त्व स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील गॅलिशिया प्रांतात ओळखले गेले, हा निव्वळ योगायोग नव्हे. तेथील किनाऱ्यात समुद्र लांबलचक फाट्यांनी आत शिरलेला आहे. ह्या फाट्यांत तराफ्यांना दोर लोंबते सोडून शिंपल्यांची शेती विसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आली होती, आणि १९८० नंतर टर्बट ह्या, एका कुशीवर पडून राहणाऱ्या, चपट्या माशाची पैदास तेथे सुरू झाली. व्हिब्रिओच्या साथी, औषधांचा खर्च व प्रतिकाराची भीती ह्या तिन्ही गोष्टी तेथील सान्तियागो दे कोंपोस्तेला विद्यापीठाच्या दारात येऊन ठेपल्या होत्या. लेमोस, तोरांसो व बार्खा ह्या तिघांनी १९८५ मध्ये भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील पाच जातींच्या हिरव्या व तपकिरी शैवालांवरून जीवाणूंचे २२४ वाण वेगळे केले. त्यांपैकी ३८ वाणांमध्ये प्रतिजैविक गुण आढळला. हे प्रमाण सुमारे १७ टक्के पडते. हे सर्व उत्पादक वाण त्या वेळी ‘स्यूडोमोनास–आल्टेरोमोनास’ ह्या जोडनावाच्या गटात घातले गेले. शैवालाच्या पृष्ठभागावर जागा थोडी व उमेदवार फार. तेथे शेजाऱ्याला दूर ठेवण्याचे साधन बाळगणाऱ्यास लाभ होतो, असा ह्या प्रमाणाचा अर्थ लावला जातो. १९८८ मध्ये दोपासो व त्याच विद्यापीठातील मंडळी ह्यांनी अशा सागरी वाणांची परीक्षा थेट मत्स्यरोगांच्या जंतूंवर घेतली. मत्स्यरोगांच्या नियंत्रणासाठी सागरी जीवाणू, हे त्या निबंधाचे घोषित प्रयोजन होते. रोझेनफेल्ड–झोबेल ह्यांच्या निबंधानंतर चाळीस वर्षांनी मासा असा प्रश्नाच्या मध्यभागी आला.

परंतु परीक्षा झाली ती आगराच्या थाळीवर. थाळीत एका जीवाणूभोवती दुसऱ्याची वाढ खुंटून स्वच्छ वलय पडते. ते वलय म्हणजेच प्रतिजैविक, असा समज प्रयोगशाळांत रूढ झाला होता. ह्या समजाला पुढील वीस वर्षांत दोन बाजूंनी तडे गेले.

पहिला तडा रसायनाच्या बाजूने गेला. वलय अनेक कारणांनी पडू शकते. भूमध्य समुद्रातील एका मॅरिनोमोनास जीवाणूचे ‘मॅरिनोसिन’ नावाचे प्रतिजैविक प्रथिन बारकाईने तपासले असता, २००६ मध्ये असे निष्पन्न झाले की हे प्रथिन म्हणजे लायसिनवर क्रिया करणारे विकर असून त्यापासून निर्माण होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंना मारते. ज्याला नवे औषध समजले जात होते, ते जखम धुण्याचे जुनेच द्रव्य निघाले. दुसऱ्या काही वाणांत वलयाचे कारण लोह हे होते. जीवाणूंना लोह लागते, आणि माशाच्या शरीरात किंवा समुद्रात ते मोकळे फारसे मिळत नाही. क्रोसा ह्याने १९८० मध्ये दाखविले, की व्हिब्रिओ अँग्विलारमची मारकशक्ती एका प्लास्मिडावर अवलंबून असून ते प्लास्मिड लोह हस्तगत करण्याची यंत्रणा पुरविते. त्याच्याहून अधिक लोभी असा लोहग्राहक पदार्थ सोडणारा जीवाणू शेजारी असला, तर व्हिब्रिओची उपासमार होते. ह्याला विषप्रयोग म्हणता येत नाही. व्युयमाँच्या मूळ अर्थाने मात्र ते ‘अँटिबायोसिस’च होय.

दुसरा तडा अधिक गंभीर होता, कारण तो माशाच्या बाजूने गेला. डेन्मार्कमधील लोने ग्राम व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिक्टोरिया सरोवरातील, बर्फात ठेवलेल्या नाइल पर्च माशावरून स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्सचा ‘एएच २’ हा वाण मिळविला. हा जीवाणू सागरी नव्हे, पण प्रश्न तोच. १९९९ मधील त्यांच्या प्रयोगात व्हिब्रिओने बाधित झालेल्या ट्राउटच्या पिलांपैकी ४७ टक्के सात दिवसांत मेली, आणि पाण्यात एएच २ मिसळला असता हे प्रमाण २५ टक्क्यांवर आले. प्रयोगशाळेतील वलय व टाकीतील मासा ह्यांची साक्ष एकदा जुळली, असे वाटले. त्याच वाणाची परीक्षा ह्याच गटाने नंतर साल्मनच्या गळूरोगावर घेतली. थाळीवर एएच २ एरोमोनासला उत्तम विरोध करीत होता, परंतु माशाला त्याने काहीही संरक्षण दिले नाही. २००१ मध्ये हे अपयश त्यांनी निबंधाच्या मथळ्यातच नोंदवून प्रसिद्ध केले. अनुकूल निष्कर्षांनी भरलेल्या ह्या साहित्यात तो निबंध जास्तीत जास्त उपयोगाचा आहे, असे मत देणे अनुचित होणार नाही. त्यातही मौज अशी, की आयर्लंडमध्ये स्मिथ व डेव्ही ह्यांनी १९९३ मध्ये त्याच जातीच्या दुसऱ्या वाणाने साल्मनमधील सुप्त गळूरोग आटोक्यात येतो असे दाखविले होते. एकाच जातीचे दोन वाण, एकच रोग, आणि उत्तरे परस्परविरुद्ध. ज्या नावाखाली जीवाणू नोंदविला जातो ते नाव त्याच्या वर्तनाची हमी देत नाही, एवढे तरी ह्यावरून स्पष्ट होते.

ह्या सुमारास औषधाची गरजच कमी करणारी एक घडामोड झाली. नॉर्वेत व्हिब्रिओ व गळूरोग ह्यांवरील लसी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९३ पर्यंत सर्वत्र वापरात आल्या, आणि साल्मनचे उत्पादन अनेक पटींनी वाढत असतानाही प्रतिजैविकांचा खप काही वर्षांत ५० टनांवरून एका टनाच्या आसपास उतरला. ह्याचे श्रेय सागरी जीवाणूंना नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. चिलीत मात्र वेगळ्या रोगजंतूमुळे, ज्यावर परिणामकारक लस साधली नव्हती, २०१४ मध्ये ५०० टनांहून अधिक प्रतिजैविके वापरली गेली. तेव्हा लसीने प्रश्न सुटला तो जेथे लस लागू पडली तेथेच. आणि एका अवस्थेत ती कोणत्याच माशाला लागू पडत नाही : अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या डिंभाची रोगप्रतिकारक्षमता परिपक्व झालेली नसते. टर्बट व कॉड ह्यांचे डिंभ काही मिलिमीटर लांबीचे, जिवंत रोटिफरांवर जगणारे. त्यांना टोचताही येत नाही आणि लसीचे ‘स्मरण’ ठेवण्याची शक्तीही त्यांच्यात नसते. त्यामुळे १९९० नंतर सागरी जीवाणूंचा शोध मोठ्या माशांकडून डिंभांच्या टाक्यांकडे वळला. जपानात नोगामी व माएदा ह्यांनी १९९२ मध्ये खेकड्यांच्या डिंभांना एका सागरी जीवाणूच्या साहाय्याने वाचविले होते. एक्वादोरमध्ये कोळंबीच्या बीजकेंद्रांत व्हिब्रिओ आल्जिनोलिटिकसचा एक निरुपद्रवी वाण पाण्यात सोडण्याची रीत पडली, आणि तोच वाण साल्मनचेही काही रोगांपासून रक्षण करतो असे ऑस्टिन व सहकारी ह्यांनी १९९५ मध्ये स्कॉटलंडमधून कळविले.

ह्या सर्वांत अधिक खोलवर अभ्यास झाला तो गॅलिशियातच सापडलेल्या एका तपकिरी जीवाणूचा. स्कॅलप ह्या शिंपल्याच्या डिंभांच्या पाण्यातून मिळालेल्या ह्या जीवाणूस रुइस-पोन्ते व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘रोझिओबॅक्टर गॅलिसिएन्सिस’ असे नाव दिले. गॅलिशियाचे रोमन काळातील ‘गॅलेसिया’ हे नाव त्यात जतन झाले आहे. २००४ मध्ये ह्येल्म, ग्राम इत्यादींनी तेथीलच टर्बटच्या बीजकेंद्रातून, विशेषतः टाक्यांच्या भिंतींवरून, त्याचे जवळचे आप्त मिळविले. त्यांतील ‘२७-४’ हा वाण रोटिफरांच्या पोटात भरून टर्बटच्या डिंभांना खाऊ घातला असता व्हिब्रिओने होणारे मृत्यू घटले. ही गोष्ट प्लानास व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सिद्ध केली. ह्या जीवाणूंचे अस्त्र म्हणजे ‘ट्रोपोडायथाएटिक आम्ल’. सात कार्बनांच्या कड्याला गंधकाचे दोन अणू जोडलेला हा लहानसा रेणू प्रोटॉनांना जंतूच्या पेशीत घेऊन येतो व त्या बदल्यात धातूचे आयन बाहेर नेतो. त्यामुळे पेशीच्या पटलावरील विद्युत्‌रासायनिक चढउतार ढासळतो. कॉडच्या डिंभांवर व त्यांच्या खाद्यावर २०१२ मध्ये झालेल्या प्रयोगांत हे आम्ल निर्माण करू न शकणारा उत्परिवर्तित वाण मूळ वाणाची बरोबरी करू शकला नाही. ह्या क्षेत्रात क्वचितच मिळणारा असा हा पुरावा होय : रक्षण करणारा पदार्थ कोणता, हे येथे बोट ठेवून दाखविता आले.

विशेष गोष्ट अशी, की हलवीत ठेवलेल्या चंबूत हा जीवाणू ते आम्ल जवळजवळ करीतच नाही. द्रव स्तब्ध असेल, पेशी फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे एकमेकींस चिकटल्या असतील, तेव्हाच त्याचा तपकिरी रंग व मारक गुण प्रकट होतो, असे ब्रुन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखविले. बर्कहोल्डरच्या गवताचे पाते, लेमोसचे शैवाल आणि टर्बटच्या टाकीची भिंत ह्यांची संगती येथे लागते. औषधनिर्मितीच्या कारखान्यातील हलत्या, ढवळत्या पात्रांत ज्यांची परीक्षा झाली अशा कित्येक सागरी वाणांना ‘निष्फळ’ ठरवून फेकून दिले गेले असेल, ही शंका त्यामुळे सहज मनात येते.

ह्या जीवाणूला केवळ रक्षक मानणेही बरोबर नाही. २०११ मध्ये सय्यदसायमदोस्त व सहकाऱ्यांनी दाखविले, की ज्या सूक्ष्म शैवालाच्या सहवासात तो राहतो ते वार्धक्याला लागून विशिष्ट द्रव्य सोडू लागले, की हाच जीवाणू त्याला मारणारी निराळी द्रव्ये तयार करतो. मत्स्यबीज केंद्रात डिंभांच्या अन्नसाखळीचा आरंभच सूक्ष्म शैवालापासून होतो, हे लक्षात घेता ह्या शोधाकडे दुर्लक्ष करता येत नाही. दुसरी शंका प्रतिकाराची. औषधाऐवजी औषध करणारा जीव पाण्यात सोडला, तर प्रतिकार निपजणार नाही काय? पोर्स्बी व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये निरनिराळ्या जंतूंना ह्या आम्लाच्या वाढत्या मात्रेत अनेक पिढ्या वाढवून पाहिले. किंचित सहनशीलता आली, पण मोठा प्रतिकार उपजला नाही. निष्कर्ष आश्वासक आहे. तथापि प्रयोगशाळेतील शेकडो पिढ्या व बीजकेंद्रातील वर्षानुवर्षांचा वापर ह्यांत अंतर आहे.

नावांची उलथापालथ ह्या काळात चालूच राहिली. ‘स्यूडोमोनास–आल्टेरोमोनास’ गटातील मोठा भाग गोतिए व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘स्यूडोआल्टेरोमोनास’ ह्या नव्या प्रजातीत नेला. रोझिओबॅक्टर गॅलिसिएन्सिस २००६ मध्ये ‘फिओबॅक्टर’ झाला. ‘फिओ’ म्हणजे तपकिरी. टर्बटच्या टाकीतील २७-४ वाण आता ‘फिओबॅक्टर पिसिनी’ ह्या नावाने ओळखला जातो. ‘पिसिना’ म्हणजे लॅटिनमध्ये माशांचे तळे. १९८५ चा निबंध आज वाचणाऱ्या विद्यार्थ्याने ही नामांतरे हाताशी न ठेवल्यास त्याला दोन पिढ्यांचे संशोधन एकमेकांशी असंबद्ध वाटण्याचा संभव आहे.

कायद्याच्या भाषेत ह्या जीवाणूंना अद्याप निश्चित जागा मिळालेली नाही. कुपीतील पदार्थ औषध ठरतो, खाद्यातील जिवंत जीवाणू ‘खाद्यपूरक’ ठरतो. पण टाकीच्या भिंतीवर वस्ती करून तेथल्या तेथे औषध निर्माण करणारा जीव ह्या दोहोंत नीट बसत नाही. ‘प्रोबायॉटिक’ हा शब्द लिली व स्टिलवेल ह्यांनी १९६५ मध्ये वापरला तो एका सूक्ष्मजीवाने सोडलेल्या, दुसऱ्याची वाढ करणाऱ्या द्रव्यांसाठी, म्हणजे ‘अँटिबायॉटिक’च्या नेमका उलट अर्थाने. १९८९ पर्यंत, फुलरच्या व्याख्येत, तो जिवंत जीवाणूंचे नाव झाला होता. ह्या शब्दाचा प्रवास द्रव्याकडून जीवाकडे झाला. आज ज्यांना मत्स्यशेतीतील ‘प्रोबायॉटिक’ म्हटले जाते त्या फिओबॅक्टरचे सामर्थ्य प्रतिजैविक निर्माण करण्यातच आहे, ही विसंगती त्या शब्दाच्या पोटात दडलेली आहे. यूरोपीय संघाने साल्मनवर्गीय मासे व कोळंबी ह्यांच्या खाद्यासाठी २००९ मध्ये ज्या जीवाणूला मान्यता दिली, तो ‘पेडिओकॉकस ॲसिडिलॅक्टिसी’ हा होता. तो दुग्धाम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंच्या कुळातला असून त्याची जन्मभूमी समुद्र नव्हे.